सिरॅमिक की पीपीएफ? आधी जुन्या गाडीचं बोनेट बघा

भाच्याने नवीन गाडी बुक केली, गडद निळी, आणि डिलिव्हरीला आठ दिवस असताना रात्री साडेदहाला त्याचा फोन. मामा, शोरूमवाला म्हणतोय सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावून सुकवायचा तो पातळ थर, इथेच करून घ्या, इथल्या इंदूरच्या विजयनगरचा डिटेलिंगवाला म्हणतोय सिरॅमिकने काही होत नाही पीपीएफच लावा, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, आणि बाबा म्हणतात दोन्ही लुटायचे धंदे आहेत, आम्ही वॅक्स घासून पंधरा वर्षं स्कूटर चालवली. आता करू काय? म्हटलं उद्या रविवार आहे, पोहे खायला ये, आणि येताना जुनी गाडी धुऊन घेऊन ये. तो म्हणाला मामा प्रश्न नव्या गाडीचा आहे. म्हटलं माहितीये, तू आण तर खरं.

कारण दुकानात जाऊन दोघांत चांगलं कोणतं असं विचारलं की ज्याच्याकडे जे पडून असतं तेच चांगलं ठरतं, आणि यूट्यूबवर बघायला जावं तर कुणी बोनेटवर लायटर धरून दाखवतो कुणी चावीने खरवडून दाखवतो, आपण काय रोज गाडीला लायटर लावणारोत का. आपल्याला कळायला पाहिजे ते एवढंच की माझ्या गाडीचा रंग खराब होतो तो कशाने. आणि हे सांगणारी एकच साक्षीदार, ती म्हणजे तुम्ही चार-पाच वर्षं त्याच रस्त्यांवर चालवलेली जुनी गाडी. जुनी नसेल तर ऑफिसच्या पार्किंगमधली, शेजाऱ्याची, कुणाचीही बघा, फक्त रस्ता तोच हवा.

तर त्याची लाल हॅचबॅक आली, पाच वर्षं राजेंद्रनगर ते राऊ ते पिथमपूर, आठवड्यातून सहा दिवस. बघायचं कसं ते सांगतो. पहिलं, बोनेटची पुढची कड, जिथे ते बंपरला टेकतं, तिथे बोटाचं नख हळूच फिरवायचं. नख अडकलं की समजा दगड लागलाय. त्याच्या गाडीवर एका वितीच्या जागेत मी चौदा खळगे मोजले, बाजरीच्या दाण्याएवढे, त्यातल्या दोनांच्या तळाशी नारिंगी ठिपका, म्हणजे रंग आणि प्रायमर दोन्ही गेले आणि पत्र्याला गंज धरला. पिथमपूरचे ट्रेलर, राऊच्या पुढची गिट्टी, आणि हा पोरगा कायम ट्रकच्या मागे चिकटून चालवणार, दुसरं काय होणार. बंपरवरही तेवढेच होते पण बंपर प्लास्टिकचा, तो गंजत नाही, नुसता घाण दिसतो.

दुसरं, मोबाईलचा टॉर्च दरवाज्यापासून हातभर लांब तिरपा धरायचा. उजेडाच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेघा दिसतात ना, त्या पुसण्याच्या. धूळ कोरड्या फडक्याने झटकली की त्या पडतात. तिसरं, छत आणि डिकी वरून बघा, पांढुरक्या कडेचे गोल डाग असले तर ते पाण्याचे, बोअरचं पाणी उन्हात वाळलं की क्षार तिथेच बसतात. चौथं, एखाद्या ठिकाणी चमक मेलेली, वेडावाकडा नकाशा उमटल्यासारखा डाग, तो पक्ष्याच्या विष्ठेचा, वेळेत काढली नाही की रंगाच्या वरच्या थरात घुसते. आणि शेवटी हँडलच्या मागची वाटी बघा, तिथे सगळ्यांच्या नखांच्या रेघा असतात, सगळ्यांच्याच, आमच्या सौ. माझ्यावर ढकलतात तो भाग वेगळा.

मग माझी गाडी शेजारी उभी केली. काळी सेडान, सहा वर्षांची, महिन्यातून एखाद दोन वेळा उज्जैन नाहीतर बायपास, बाकी सगळं शहरातल्या शहरात. पुढच्या कडेला खळगे सगळे मिळून तीन. पण टॉर्च लावला की जाळ्याच जाळ्या, आणि दारातल्या जांभळीमुळे जून-जुलैत जे छत जांभळं होतं त्याचे जुने डाग अजून दिसतात. एकाच कुटुंबातल्या दोन गाड्या, एकाच शहरातल्या, आणि रोग पूर्ण वेगळे. भाच्याला तिथेच अर्धं कळलं. पोह्यांवर शेव जरा जास्तच घालून घेतली त्याने मग.

आता हे असं का, ते थोडं जाडीच्या हिशोबात समजून घ्या, कारण सगळी मेख जाडीतच आहे. कंपनीतून येणाऱ्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर कोट सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतं, आणि त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट, जो चमकतो आणि जो मार खातो, तो फक्त ४०-५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे तुमच्या गाडीची सगळी शान केसापेक्षा बारीक थरावर उभी आहे. पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, ती १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे एकटी फिल्म गाडीच्या पूर्ण रंगापेक्षा जाड. आणि सिरॅमिक कोटिंग? एक-दोन मायक्रॉन. आता ट्रकच्या चाकातून उडालेला खडा ताशी ऐंशीच्या वेगाला येऊन लागला तर दोन मायक्रॉन त्याला काय अडवणार. फिल्म मऊ असते, रबरासारखी दबते, मार स्वतः खाते. म्हणून दगडाला उत्तर फक्त फिल्म, यात कोणी तुमच्याशी वाद घालत असेल तर तो कोटिंग विकतोय.

पण म्हणून कोटिंग बेकार असंही नाही हां, मी स्वतः कोटिंगच केलंय आणि पुन्हा करीन. कोटिंग हे सिलिकाच्या जातीचं द्रव असतं, रंगावर लावलं की क्लिअर कोटला घट्ट धरून सुकतं आणि काचेसारखा गुळगुळीत थर होतो. पाणी त्यावर टिकत नाही, गोळ्या होऊन पळतं, आणि पाण्याबरोबर चिखलही सुटतो. इंदूर स्वच्छतेत पहिलं वगैरे ठीक आहे पण माळव्याच्या काळ्या मातीची धूळ गाडीवर बसायची ती बसतेच, तर ती धुताना कमी घासावं लागतं हा कोटिंगचा खरा फायदा. कमी घासलं की कमी रेघा. ऊन, विष्ठा, झाडाचा चीक यांनाही थोडा जास्त वेळ मिळतो, म्हणजे डाग आत घुसायच्या आधी तुम्हाला एखादा दिवस जास्त. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे इथल्या रंगाच्या मिरवणुकीच्या दिवशी माझी गाडी राजवाड्याच्या बरीच अलीकडे लावली होती तरी घरी आलो तेव्हा छतापासून काचेपर्यंत गुलाबी, संध्याकाळी नुसता पाण्याचा पाईप धरला आणि नव्वद टक्के रंग वाहून गेला, उरलेला शांपूने. कोटिंगच्या आधीच्या वर्षी त्याच कामाला दोन दिवस लागले होते आणि दरवाज्याच्या रबरात रंग दिवाळीपर्यंत होता.

कोटिंग किती कडक ते सांगताना ९एच, ९एच करतात ना दुकानात, ते काय ते सांगतो. ते पेन्सिलचं माप आहे. चित्रकलेच्या पेन्सिली असतात, शाळेतली एचबी, मग २एच, ४एच करत या मापात सगळ्यात कडक ती ९एच. या पेन्सिलीने ओरखडा उठला नाही की लिहायचं ९एच. पण रस्त्यावरची वाळू कुठल्याही पेन्सिलपेक्षा कडक असते, त्यामुळे धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं मारलं तर ९एच काय आणि १०एच काय, रेघ पडणारच. "भिया, चाबी मारके देख लो, कुछ नी होगा" असं म्हणणाऱ्याला म्हणावं आधी तुझ्या गाडीवर मार.

अजून एक गोष्ट जी कोणी मोकळेपणाने सांगत नाही. कोटिंगची बाटली असते ३० नाहीतर ५० मिलीची, खोकल्याच्या औषधापेक्षा लहान. त्यातच गाडी होते. मग वीस-पंचवीस हजार कशाचे? ते बाटलीच्या आधीच्या कामाचे. गाडी नीट धुणं, क्ले बारने रंगात रुतलेली घाण काढणं, ब्रेकच्या लोखंडी धुळीसाठी वेगळं केमिकल, मग मशीनने पॉलिश करून रेघा घालवणं, मग आयपीएने, म्हणजे एका प्रकारच्या अल्कोहोलने, तेलकटपणा पुसणं, मग कोटिंग, आणि एकेक पॅनल लावून काही सेकंदांत पुसून सपाट करणं. यातलं पॉलिश हेच खरं काम, कारण कोटिंग आरशासारखं असतं, खाली जे असेल ते जसंच्या तसं दाखवतं आणि कुलूप लावून ठेवतं. खाली रेघा राहिल्या तर आता त्या दोन-तीन वर्षं तुमच्याबरोबर. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न ब्रँडचा नको, पॉलिशच्या किती स्टेज करणार आणि किती तास लावणार हा विचारा. जो म्हणेल सकाळी द्या संध्याकाळी घेऊन जा, त्याला नमस्कार करून या. आणि उलटंही बघा, नव्या गाडीवर उगाच जोरदार कंपाउंड, म्हणजे खरखरीत पॉलिश, मारू देऊ नका, पॉलिश म्हणजे क्लिअर कोटच थोडा थोडा घासून काढणं, तो पुन्हा येत नाही. नव्याला हलकं पॉलिश बस झालं.

माझं पहिल्यांदा फसलं होतं ते याच घाईत. दुकानाचं नाव नाही घेत. आत मस्त षटकोनी एलईडी लाईट, गाडी अशी दिसली की बायकोने फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवले. तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीत उन्हात उभी होती, छतावर तळहाताएवढा पट्टा, पेट्रोल पाण्यावर सांडल्यावर जसे इंद्रधनुष्याचे रंग दिसतात तसा. याला हाय स्पॉट म्हणतात, कोटिंग वेळेत पुसलं नाही की जाड राहून तिथेच सुकतं. फोन केला तर म्हणे एक-दो वॉश में निकल जाएगा. निघत नसतं ते, एकदा कडक झालं की पॉलिश करूनच काढावं लागतं आणि तिथे पुन्हा कोटिंग लावावं लागतं. चार चकरा मारल्यावर केलं त्यांनी, पण चार चकरा. तेव्हापासून माझा नियम, गाडी ताब्यात घ्यायची ती दिवसा, आणि दुकानाच्या बाहेर उन्हात काढून, चारी बाजूंनी वाकून बघून, मग पैसे. षटकोनी लाईटखाली आमची जुनी स्कूटरही नवी दिसेल.

आणि पाण्याचे डाग. लोकांना वाटतं कोटिंग केलं म्हणजे डाग बंद. उलट असतं थोडं. पाणी पसरण्याऐवजी थेंब होऊन बसतं, थेंब उन्हात वाळला की त्यातला सगळा क्षार एका टिकलीत गोळा होतो. नर्मदेचं नळाचं पाणी असेल तर फार त्रास नाही, पण ज्यांच्याकडे बोअर आहे, विशेषतः बायपासकडच्या नव्या कॉलन्यांमधे, त्यांनी गाडी सावलीत धुवावी आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्यावी. ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून कपड्याने लावा, मिनिटभराने धुऊन टाका. जुने झाले की पुन्हा पॉलिश, म्हणजे पुन्हा खर्च.

आता फिल्म. ही मूळ अमेरिकन लष्कराच्या कामातून आली असं सांगतात, व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि दगडांनी मार बसू नये म्हणून असली फिल्म चिकटवायचे, तिथून रेसच्या गाड्यांवर आणि मग आपल्या दारात. बाहेरच्या ब्रँडशिवाय आता आपल्याकडे गरवारे हाय-टेक फिल्म्सही बनवते, कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला. तर फिल्म घेताना पहिला शब्द लक्षात ठेवा टीपीयू. म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. ही ताणली जाते, परत जागेवर येते, आणि वरच्या थरात सेल्फ हीलिंग असतं, म्हणजे बारीक रेघ पडली की उष्णतेने तो थर सैल होऊन रेघ भरून येते. आपल्याकडे मे महिन्यात काही करावंच लागत नाही, दुपारी गाडी उन्हात लावली की झालं, थंडीत गरम पाणी ओतायचं. फक्त बारीक रेघच हां, कुणी खिळ्याने आरपार कापलं तर ते मेलं, तो तुकडा बदलायचा. स्वस्तात मिळते ती बहुतेक पीव्हीसी, आणि टीपीएच नावाने जी विकतात तीही त्याच घराण्यातली, दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळी पडते, कडक होते, आणि काढायला गेलं की गोंद गाडीवर राहतो. पांढऱ्या गाडीवर पिवळी फिल्म कशी दिसते ते बघायचं असेल तर कुठल्याही सिग्नलला पाच मिनिटं उभे रहा, एक तरी जाईल. रोलच्या खोक्यावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा, रोल नंबर वॉरंटी कार्डावर आहे का बघा, आणि तो नंबर कंपनीकडे तपासून घ्या, दुकानाचं स्वतःचं छापलेलं कार्ड म्हणजे वॉरंटी नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लावणारा हात. फिल्म पाण्यात शांपू घालून ओल्यावर लावतात, स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, पाणी बाहेर ढकलतात, वळणावर थोडं तापवून ताणतात. कापायची दोन प्रकारे. एक, गाडीच्या मॉडेलप्रमाणे प्लॉटर मशीनवर आधीच कापलेले तुकडे. दोन, मोठा तुकडा गाडीवर टाकून तिथेच ब्लेडने कापायचा. दुसऱ्या प्रकारात कारागिराचा हात कच्चा असेल तर ब्लेडची रेघ तुमच्या रंगात उतरते आणि ती तुम्हाला चार वर्षांनी फिल्म काढल्यावर कळते. आमच्या ओळखीतल्या एकाच्या गाडीला बोनेटच्या कडेने अशी सरळ रेघ होती, जशी पट्टीने मारलेली, आणि दुकान तोवर बंद झालेलं. म्हणून विचारा, कापणार कुठे, मशीनवर की गाडीवर. हातानेच कापणार असेल तर त्याने दोन वर्षांपूर्वी लावलेली एखादी गाडी बघायला मागा, ताजी नको, ताजी सगळ्यांचीच छान दिसते. त्या गाडीच्या कडा बघा, दरवाज्याची कड उघडून बघा फिल्म आत वळवलीय का, की काठावरच सोडलीय. काठावर सोडली की तिथे काळी रेघ जमते, गुलाल-रंग तर आयुष्यभर तिथेच राहतो, आणि एके दिवशी कार वॉशवाल्याच्या प्रेशरने कोपरा उचलला जातो.

लावल्यावर पहिले काही दिवस आत पाण्याचे बुडबुडे किंवा दुधाळ धुकं दिसतं, त्याला घाबरायचं नाही, दोन-तीन आठवड्यांत ते वाळून जातं. पण बुडबुड्याच्या मधोमध बारीक कण दिसत असेल तर ती धूळ आहे, ती जात नाही, लगेच दाखवा. गाडीचा एखादा पॅनल आधी बाहेर रंगवलेला असेल तर तेही सांगून ठेवा, कारण गॅरेजचा रंग कंपनीच्या रंगाइतका घट्ट नसतो आणि पुढे फिल्म काढताना तो बरोबर निघून येऊ शकतो. नुकताच रंगवला असेल तर निदान महिनाभर थांबा.

पैशाचं बोलू, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. मी आणि भाच्याने मिळून चार दुकानं फिरलो, पलासिया, विजयनगर, आणि देवास नाक्याकडची दोन. त्याच्या मध्यम एसयूव्हीला चांगलं कोटिंग, पॉलिश धरून, अठरा ते अठ्ठावीस हजार. पूर्ण गाडीला टीपीयू फिल्म नव्वद हजारापासून दीड लाखाच्या वर. फिल्मचा रोल साधारण दीड मीटर रुंद आणि १५ मीटर लांब येतो, मोठ्या गाडीला तो जवळजवळ अख्खा जातो, म्हणून त्यात घासाघीस करून फार कमी होत नाही, आणि कोणी फारच कमी केलं तर फिल्म बदललेली असायची शक्यता धरा. एकाने पंचावन्न हजारात फुल बॉडी टीपीयू म्हटलं, खोकं दाखवा म्हटल्यावर खोकं गोडाऊनमधे होतं.

आता अकरा-बारा लाखांच्या गाडीवर दीड लाखाची फिल्म, मला ते पटत नाही. चार वर्षांनी विकायची असेल तर घेणारा फिल्मचे वेगळे पैसे देत नाही, फार तर रंग छान ठेवलाय म्हणेल. गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल, रंग गडद असेल, हायवे रोजचा असेल आणि पैसे असतील, तर करा, हरकत नाही. गाडी पांढरी नाहीतर सिल्व्हर असेल तर तिच्यावर रेघा तशाही कमी दिसतात, तिथे तर दोनदा विचार करा.

बहुतेकांना जे जमतं ते मधलं. दगड लागतात कुठे? पुढे. तर फिल्म तिथेच लावायची. बोनेट, पुढचा बंपर, दोन्ही फेंडर, आरशांची पाठ. याला फ्रंट किट म्हणतात, आम्हाला पस्तीस ते पंचेचाळीस हजार सांगितले. बाकी गाडीला कोटिंग. आणि हवं तर फिल्मच्या वरूनही कोटिंग मारता येतं, फिल्म धुवायला सोपी जाते, पण ते नाही केलं तरी चालतं. ज्यांना एवढंही नको त्यांनी निदान चार वाट्या, म्हणजे हँडलच्या मागच्या, दरवाज्याच्या कडा, आणि डिकी उघडल्यावर सामान घासतं ती बंपरची वरची पट्टी, एवढ्याला फिल्म लावून घ्या. दोन-चार हजारांचं काम, आणि सगळ्यात जास्त वसूल होणारं. शिवाय नव्या गाड्यांना खिडक्यांच्या मधे जो चकचकीत काळा प्लास्टिकचा खांब असतो ना, पियानो ब्लॅक, तो एका फडक्याने खराब होतो, त्याला तर पहिल्या दिवशीच लावा.

शोरूमच्या पॅकेजबद्दल माझं मत चांगलं नाही. सगळे वाईट नसतील, पण डिलिव्हरीच्या गर्दीत पॉलिशला दोन दिवस कोण देणार. बऱ्याचदा सिरॅमिकच्या नावाखाली सीलंट, म्हणजे वॅक्ससारखा तात्पुरता थर, मारून देतात, सहा महिन्यांत पाणी पुन्हा चिकटायला लागतं. मी भाच्याला सांगितलं तू फक्त एवढंच लेखी सांग, गाडी धुऊ नका, पुसू नका, प्लास्टिक काढू नका, आहे तशी द्या. ते चकित होतात, हार-फुलं-केक सगळं तयार असतं त्यांचं, पण यार्डातून आलेल्या धुळीच्या गाडीवर घाईत फडकं फिरवलं की पहिल्या जाळ्या तिथेच पडतात. पूजा करा, नारळ फोडा, पण बोनेटवर कुंकवाचं ओलं स्वस्तिक काढणार असाल तर घरी येऊन लगेच धुऊन टाका, हे आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी वाद.

एक-दोन कागदाच्या गोष्टी. पारदर्शक फिल्मला आरटीओचा काही प्रश्न नाही, पण रंगीत फिल्मने गाडीचा रंगच बदलला तर आरसीवर नोंद बदलावी लागते. आणि काचेवरची काळी फिल्म हा वेगळाच विषय, तिच्यावर सुप्रीम कोर्टाने २०१२ सालीच बंदी आणलीय, दुकानदार पॅकेजमधे फुकट देतो म्हणाला तरी नको म्हणा. इन्शुरन्सचं असं की बंपर बदलायची वेळ आली तर नव्या बंपरचे पैसे मिळतात, त्यावरच्या फिल्मचे साधारणपणे मिळत नाहीत, पॉलिसीत वेगळी नोंद करून घेता येते का ते एजंटला आधीच विचारा.

काम झाल्यावरचे पहिले सात दिवस गाडी धुवायची नाही, दोन्हीला लागू. कोटिंग झालेल्या गाडीवर पहिला दिवसभर तर पाण्याचा थेंबही नको, म्हणून पावसाळ्यात करत असाल तर रात्री गाडी दुकानातच ठेवा. त्यानंतर पीएच न्यूट्रल शांपू, दोन बादल्या, एक शांपूची आणि एक नुसती मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, खळबळायला, वरून खाली. कपड्याची पावडर, भांड्याचं लिक्विड काही नको. प्रेशर वॉशची नळी फिल्मच्या कडेपासून दोन फूट लांब. विष्ठा पडली तर फिल्म आहे म्हणून निवांत राहू नका, फिल्मलाही डाग पडतो, बाटलीतलं पाणी ओतून भिजवा आणि उचला, घासू नका. कोटिंगवाल्याने वर्षाला एक मेंटेनन्सची अट घातली असेल तर ती चुकवू नका, वॉरंटी तिथेच मारतात.

आणि तो कॉलनीतला पोरगा, जो महिन्याला सहाशे-सातशे घेऊन सकाळी सहाला एकाच फडक्याने दहा गाड्या पुसतो. तुमच्या पंचवीस हजारांचा खरा शत्रू तो, आणि बिचाऱ्याची चूक काहीच नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मी माझ्यावाल्याला दोन मायक्रोफायबर आणि एक स्प्रेची बाटली आणून दिली, पैसे तेच ठेवले, काम अर्धं केलं, रोज पुसायचं नाही, आठवड्यातून दोनदा, आणि आधी पाणी मारल्याशिवाय हात लावायचा नाही. पहिले दोन आठवडे तो विसरला, मग एकदा टॉर्च लावून त्याला जाळ्या दाखवल्या, म्हणाला अरे भिया ये तो मैंने किया क्या. तेव्हापासून नीट करतो.

भाच्याने शेवटी फ्रंट किट आणि बाकीला कोटिंग असं केलं, देवास नाक्याच्या दुकानात, पाच दिवस गाडी तिथेच होती आणि रोज संध्याकाळी हा जाऊन बघून यायचा. गाडी घेताना दुपारी एक वाजता बाहेर उन्हात काढायला लावली, माझ्यासारखाच वाकून वाकून बघत होता, डाव्या फेंडरवर फिल्मखाली एक कण सापडला, त्यांनी तो तुकडा तिथल्या तिथे बदलून दिला. लाल गाडीच्या गंजलेल्या दोन ठिपक्यांना मी टचअप पेन लावून दिलंय, ती आता ताई चालवते, बाजारापुरती.